सिमेंटचा पत्रा म्हणे!

संपादकांना सप्रेम नमस्कार,

प्लास्टिकच्या डब्याने कॅन्सर होतो, अमक्या रंगाने होतो असं पेपरात सारखं काही ना काही येतं, आमच्या हिने तर ते वाचून अर्धी मांडणी रिकामी केली, पण डोक्यावरच्या पत्र्याबद्दल काही आलेलं मला तरी आठवत नाही.

आमच्या श्रीवर्धनकडे त्याला सगळे सिमेंटचा पत्रा म्हणतात, दुकानदार पण तेच आणि बिलावर पण तेच. त्यात साधारण ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉस, म्हणजे खाणीतून निघणारं तंतूतंतूंचं खनिज असतं, हे कोणी बोलत नाही. ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, फुप्फुसाच्या आवरणाचा पण होतो, जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवाली संस्था त्याला पहिल्या गटात धरते, म्हणजे तंबाखूच्याच पंगतीत. युरोपात २००५ पासून बंदी आहे, अमेरिकेने पण २०२४ मध्ये आणली. आपण मात्र रशियाहून बोटी भरून मागवतोय.

आता अख्खा पत्रा गुपचूप छपरावर पडून असेल तर फार काही करत नाही हे पण खरं. गडबड होते ती कापताना, भोकं पाडताना, फुटल्यावर. त्याचे तंतू इतके बारीक की दिसत नाहीत, एकदा छातीत गेले की तिथेच बसतात आणि आजार उगवतो २०-३०-४० वर्षांनी, तोवर पत्र्याची आठवण कोणाला राहणार. बिड्या ओढणाऱ्याला तर धोका आणखीच.

३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या वाडीत पत्र्यांचा नुसता चुरा झाला. ते तुकडे अजून आहेत हो! कोणी माडाच्या आळ्याला लावलेत, कोणी न्हाणीच्या चुलीला आडोसा केलाय (तापला की फटाक्यासारखा फुटतो, पोरांना मजा), आणि पोरं त्याच तुकड्यांची लगोरी रचतात, अंगणात लंगडीची घरं पण त्यानेच आखतात, खडूसारखा पांढरा उमटतो ना. ग्रामपंचायतीत विचारलं याचं करायचं काय, तर म्हणाले टाका की खाजणात.

आता आगोटीची, म्हणजे पावसाआधीची कामं चालू आहेत. मागच्या आठवड्यात शेजारी मिस्त्री कोरडाच पत्रा ग्राइंडरने कापत होता, तोंडाला साधा रुमाल पण नाही, आणि पलीकडे पडवीत आमसुलं वाळत घातलेली, त्यावर पिठासारखी धूळ बसली. काकूंनी फुंकर मारली आणि बरणीत भरली.

लोकांना नावं ठेवत नाही मी. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी पत्रा गंजतो, उन्हात तापतो, पावसात कान किटतात, म्हणून हा घेतात. बिनॲस्बेस्टॉसचा पण मिळतो, पण महाग आणि मागितल्याशिवाय कोण दाखवत नाही. निदान पत्र्यावर ठळक मराठीत लिहा ना ॲस्बेस्टॉस आहे म्हणून, आणि तालुक्याला एक जागा ठरवा फुटके पत्रे टाकायला.

रविवारी आमच्याकडे मिस्त्री येतोय, दोनच पत्रे बदलायचेत. नळी लावून पत्रा भिजवून ठेव, मशीन नको, हातकरवतीने काप म्हटलं तर फोनवर हसला, म्हणाला भाऊ, एवढ्या वर्षांत मला काय झालं?

आपला एक वाचक,
ता. श्रीवर्धन, जि. रायगड