कोडिंग शिकायला ब्राउझर पुरतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात गणित शिकवतो. पेपरात कोडिंग क्लासच्या जाहिराती येतात, त्या घेऊन पालक शाळेत येतात, "सर, टाकू का पोराला?" म्हणून विचारतात. एका पालकाने कापसाच्या पैशातून फी भरली आणि पोरगी तीन महिने नुसता फळ्यावरचा कोड वहीत उतरवत बसली, त्यातलं एक अक्षर तिला समजावून सांगता येत नव्हतं. तेव्हापासून डोक्यात होतं की हे लिहायचंच.

आमच्या लॅबमध्ये अकरा मशीन, चालू सहा, त्यातही काही इन्स्टॉल करायचं म्हटलं की पासवर्ड मागतं आणि तो ज्या माणसाकडे आहे तो दोन वर्षांपासून फोन उचलत नाही. म्हणून इन्स्टॉल न करता चालेल असं शोधता शोधता मला 'जे' ही कोडिंगची भाषा सापडली, जी चक्क ब्राउझरमध्ये चालते. ही भाषा चालवणारं मूळ इंजिन सी या दुसऱ्या कोडिंग भाषेत लिहिलेलं आहे, ते वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझरला थेट चालवता येईल अशा रूपात, बदलून पानासोबत आपल्या मशीनवर उतरतं आणि मग सगळा हिशोब आपल्याच मशीनवर होतो, कुठल्या सर्व्हरला विचारावं लागत नाही. एकदा पान उघडलं की रेंज गेली तरी काम चालू राहतं, आणि आमच्याकडे रेंज कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. वेबअसेंब्ली २०१७ मध्ये मोठ्या ब्राउझरांमध्ये आली, म्हणजे ही सोय काही फार जुनी नाही.

आता हीच भाषा का ते सांगतो. कापूस वेचणीच्या दिवसात पोरांच्या घरी मजुरांची वही असते, रोज काट्यावर वजन करायचं, नावापुढे किलो मांडायचे. मी वर्गात तीच वही घेतली. चार जणींचं एका दिवसाचं वजन ३२ ४१ २८ ३७, त्याच्या आधी फक्त +/ लिहिलं की १३८ येतं. +/\ लिहिलं तर ३२ ७३ १०१ १३८, म्हणजे चढती बेरीज. दहा रुपये किलोचा दर असेल तर १० * लावायचं, चौघींची मजुरी एकदम ३२० ४१० २८० ३७०. लूप नाही, म्हणजे तीच सूचना एकेका आकड्यासाठी पुन्हा पुन्हा चालवणं नाही, काही नाही, अख्खी ओळच एक वस्तू. मागच्या बाकावरचा एक पोरगा ओरडला, "सर, हाई ते आमनी वहीच शे!"

खरी मजा पुढे आली. चौघींचे आठवड्यातल्या सहा दिवसांचे २४ आकडे ओळीने टाकले, आधी ४ ६ $ लिहिलं, तर चार ओळी सहा कॉलमचा तक्ता तयार. त्यावर +/ लावलं तर रोजचा एकूण कापूस मिळाला, आणि +/"१ लावलं तर प्रत्येकीचा आठवड्याचा कापूस. मालकाला पहिला आकडा पाहिजे, मजुराला दुसरा, वही तीच. क्रिया अख्ख्या तक्त्यावर करायची की एकेका ओळीवर, हे ठरवण्याला रँक म्हणतात. बेरीज आडवी करायची की उभी हे पोरांना मी दहा वर्षं फळ्यावर सांगतोय, पण त्या दिवशी जसं कळलं तसं आधी कधी कळलं नव्हतं.

या सगळ्याच्या मागे केनेथ आयव्हरसन नावाचा माणूस. त्यांनी हार्वर्डला शिकवताना ही चिन्हांची पद्धत तयार केली ती आधी कागदावर आणि फळ्यावर लिहायला, मशीन नंतर आलं. त्यावरचं पुस्तक १९६२ चं, ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे कॉम्प्युटर शास्त्रातला सगळ्यात मोठा मान, १९७९ चा. त्यांची पहिली भाषा एपीएल, तिला वेगळी चिन्हं लागायची, मग १९९० मध्ये रॉजर हुई यांच्यासोबत त्यांनी 'जे' आणली जी साध्या कीबोर्डवर टाईप होते. शिकवणाऱ्या माणसाने शिकवण्यासाठी काढलेली चिन्हं आहेत म्हणून मला ती जास्त जवळची वाटतात.

अडचणी पण सांगतो, लपवायचं काय. पोरांनी मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक टाकले तर एरर येतो, अंक इंग्रजीच लागतात, पहिला अर्धा तास आमचा यातच गेला. % म्हणजे इथे टक्के नाही तर भागाकार. आणि कंचेभागुबेव चालत नाही, सगळं उजवीकडून सोडवायचं, २*३+४ चं उत्तर १४ येतं, त्यामुळे परीक्षेत घोळ होऊ नये म्हणून मी दर तासाला फळ्यावर दोन्ही उत्तरं लिहितो. पान रिफ्रेश झालं की लिहिलेलं जातं, म्हणून वहीत उतरवून ठेवायला लावतो. मोबाईलवर चिन्हं शोधायला वेळ लागतो पण चालतं.

आता मागणं. आपल्या शेजारच्या अमळनेरात १९४५ मध्ये तेलाच्या धंद्यातून विप्रो सुरू झाली, त्याच भागातल्या पोरांना फीच्या भीतीने कॉम्प्युटरपासून लांब राहावं लागू नये. पालकांनी क्लासला पैसे भरायच्या आधी एकदा पोराला ब्राउझरमध्ये बसवून पाहावं. मुख्याध्यापकांनी लॅब सुट्टीनंतर तासभर उघडी ठेवावी, लाईट असेल तेव्हा. आणि साहेब, तुमच्या विद्यार्थी पानावर आठवड्याला चार बोटं जागा द्या, दर वेळी एक चिन्ह, आपल्या केळीच्या आणि कापसाच्या हिशोबातून समजावलेलं, मी फुकट लिहीन. पहिले चार लिहून तयार आहेत, कळवलं की पाठवतो.

आपला वाचक,
एक गणित शिक्षक
ता. पारोळा, जि. जळगाव