कॅमेरे चालू आहेत, पण जाब कोणाला विचारायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या चौकाचौकांतील सीसीटीव्ही कॅमेऱ्यांविषयी वाचकांच्या तक्रारी अधूनमधून छापून येतात आणि त्या बहुतेक वेळा कॅमेरे बंद पडल्याच्या असतात. त्या रास्तच आहेत. दारातली दुचाकी चोरीला गेल्यावर चित्रणच मिळाले नाही, तर एवढा खर्च केला कशासाठी, असे कोणालाही वाटेल. मला मात्र विचारायचे आहे ते चालू असलेल्या कॅमेऱ्यांविषयी. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावची निवड झाली आणि पुढे त्याच योजनेतून या कॅमेऱ्यांचे नियंत्रण केंद्रही उभे राहिले. तेथील चित्रण किती दिवस ठेवले जाते, ते कोणाकोणाला पाहता येते, पोलीस खात्याला देताना लेखी मागणी घेतली जाते की फोनवर सांगितले तरी काम भागते, याची माहिती नागरिकांना सहज दिसेल अशी कोठे लावलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

सीमाभागातील मराठी माणसाला हा प्रश्न इतरांपेक्षा जरा जवळून भिडतो. हा भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची १ नोव्हेंबरची काळ्या दिनाची फेरी असो, सीमालढ्यातील हुतात्म्यांना अभिवादनाचा १७ जानेवारीचा हुतात्मा दिन असो वा कर्नाटक विधिमंडळाच्या येथील अधिवेशनाच्या वेळचा मराठी भाषकांचा महामेळावा असो, फेरीच्या पुढे पाठमोरा चालत एकेका चेहऱ्यावरून कॅमेरा फिरवणारा पोलीस आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पूर्वी त्या चित्रणातून माणूस शोधायचा, तर त्याला ओळखणारा कोणीतरी शेजारी बसवावा लागे. आज तेच काम चेहरा ओळखणारी संगणक प्रणाली करू शकते. तसे येथे होते आहे, असा माझा आरोप नाही. तसे करायचे ठरवले, तर त्याला आडकाठी करणारा स्वतंत्र कायदा या देशात नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. उलट, २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने अटक झालेल्या व्यक्तीचे छायाचित्र, बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची नोंद घेण्याची मुभा दिली असून ती नोंद ७५ वर्षांपर्यंत जपून ठेवता येते. आधी शिक्षा झालेली नसेल आणि खटल्यातून निर्दोष सुटका झाली, तर ती नष्ट करावी असे कायदा सांगतो, हे खरे. पण जमावबंदीचा भंग केला म्हणून दाखल झालेले खटले आपल्याकडे किती रेंगाळतात, हे ज्यांनी तारखांना हेलपाटे घातले आहेत त्यांना सांगायला नको.

यावर हमखास ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘कर नाही त्याला डर कशाला’. ते मला पटत नाही, कारण पाळतीचा परिणाम गुन्हेगारापेक्षा भिडस्त माणसावर आधी होतो. येळ्ळूर, कडोली, उचगाव येथील साहित्य संमेलनांना जाण्यात कायद्याच्या विरुद्ध काहीही नाही; तरीही सरकारी नोकरीत असलेला मराठी शिक्षक मंडपाच्या तोंडाशी गणवेशातला वा साध्या कपड्यातला पोलीस चित्रण करताना पाहून पहिल्या रांगेऐवजी मागच्या खांबाआड बसतो, आणि पुढच्या वर्षी येतच नाही. त्याच्यावर गुन्हा नोंदवला गेलेला नसतो, त्याला कोणी दमही दिलेला नसतो.

फोनवरील पाळतीच्या बाबतीत तर कर्नाटकाला इतिहासच आहे. फोन टॅपिंगच्या आरोपांवरून रामकृष्ण हेगडे यांना १९८८ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. २०१९ मध्ये याच राज्यातील फोन टॅपिंगच्या आरोपांची चौकशी सीबीआयकडे सोपवली गेली. महाराष्ट्रानेही फार नाक वर करू नये, तेथेही लोकप्रतिनिधींच्या फोन टॅपिंगवरून २०२२ मध्ये गुन्हे नोंदवले गेले होते. मंत्र्यांची आणि आमदारांची ही गत, तर फेरीत घोषणा देणाऱ्या तरुणाची काय कथा! सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये या बाबतीत दंडक घालून दिले आणि तेच पुढे नियमांत उतरले. त्यानुसार टॅपिंगचा आदेश सर्वसाधारणपणे गृह सचिवाने द्यायचा, तो एका वेळी ६० दिवसांपुरता आणि एकंदर १८० दिवसांच्या वर नाही, आणि तो योग्य होता की नाही हे एका आढावा समितीने पाहायचे. राज्यातील या समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव आणि सदस्य दोन सचिव. म्हणजे एका सचिवाचा पेपर दुसऱ्या सचिवाने तपासायचा. त्यात न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा आमदार नाही, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कधी कळवले जात नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली २०२४ मध्ये नवे नियम आले, तेव्हा ही रचना बदलण्याची संधी होती. ती दवडली गेली.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला, आणि तो ज्यांच्या याचिकेवर दिला ते पुट्टस्वामी हे याच कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. या अधिकारात सरकारला हात घालायचा असेल, तर त्यासाठी कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि हेतूच्या मानानेच उपाय हवा, हे त्या निर्णयाचे सार. असे असताना २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १७ ने सार्वभौमत्व, सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्या कोणत्याही यंत्रणेला कायद्याबाहेर ठेवण्याची मोकळीक केंद्र सरकारने स्वतःकडे घेतली आहे. सीमाभागात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ या शब्दांखाली काय काय बसते, ते मी सांगायची गरज नाही.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील क्रम पाहण्यासारखा आहे. नागरिकाला अधिकार देणारी कलमे दीड वर्षाने लागू व्हायची. माहिती अधिकार कायद्यात बदल करून वैयक्तिक माहितीच्या सबबीखाली माहिती नाकारण्याची वाट रुंद करणारे कलम मात्र लगेच लागू झाले. त्यातही आपल्यापुरता एक जास्तीचा पेच आहे. माहिती घेण्यापूर्वी द्यावयाची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याचा पर्याय हा कायदा देतो, पण सरकारी योजनांच्या लाभासाठी घेतलेल्या माहितीला दर वेळी संमती लागतेच असे नाही, त्यामुळे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या दोन हजारांसाठी आधार, रेशन कार्ड आणि बँक खाते एकत्र जोडून देणाऱ्या खानापूरच्या बाईला ही सूचना कोणत्याच भाषेत मिळण्याची शाश्वती नाही. बरे, आपल्या माहितीचे काय झाले ते माहिती अधिकारात विचारावे, तर अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करावा, असे कलम ६ सांगते. मराठीतून गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदात आहे, पण गाऱ्हाणे मांडणे वेगळे आणि तीस दिवसांत उत्तर देण्याचे बंधन असणे वेगळे.

कॅमेरे काढा, अशी माझी मागणी नाही. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत चुकलेले मूल सापडायला आणि अपघात करून पळालेली गाडी हुडकायला ते हवेतच. दिल्लीतील कायदा येथून बदलता येणार नाही, हेही कळते. परंतु महापालिकेच्या हातात असलेल्या गोष्टी थोड्या नाहीत. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ सार्वजनिक संस्थांनी कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करावी असे सांगते. त्या आधारे कॅमेऱ्यांच्या जागा, चित्रण साठवण्याची मुदत, ते बाहेर देण्याची पद्धत, वर्षभरात किती वेळा दिले गेले आणि चेहरा ओळखणारी प्रणाली वापरात आहे की नाही, ही माहिती कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही जाहीर करण्याचा ठराव ५८ प्रभागांचे नगरसेवक करू शकतात. मराठी नगरसेवक महाराष्ट्र एकीकरण समितीचे असोत वा राष्ट्रीय पक्षांचे, त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत हा प्रश्न लेखी मांडावा आणि मिळालेले उत्तर आपल्या दैनिकाकडे प्रसिद्धीसाठी पाठवावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक,
शहापूर, बेळगाव