कॅप्सूलची बाटली

ती. आई-बाबांस सा. न.

आई, तू पाठवलेली व्हिटॅमिनची बाटली मी उघडलीच नाही म्हणून तू रुसलीस, असं बाबांकडून कळलं. "मटण सोडलंय ना, मग गोळ्यांचं काय?" असं विचारलंस म्हणे. फोनवर मला हे कधी धड सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

अगं, माझं भांडण मटणाशी नाही, त्यातल्या एका साखरेशी आहे. तिचं नाव अल्फा-गॅल. गाय, डुक्कर, शेळी अशा बहुतेक सस्तन प्राण्यांच्या अंगात ती असते. माणसात नसते, कोंबडी-माशांतही नसते. गोचीड चावली आणि तेव्हापासून माझ्या शरीराने तिच्याशी वैर धरलं, म्हणजे मला तिची ॲलर्जी झाली. त्यामुळे त्या प्राण्यांपासून काढलेलं काहीही मला जपूनच घ्यावं लागतं. तुझ्या कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं आहे. ते बहुतेक वेळा गाई-डुकरांची कातडी आणि हाडं उकळून काढतात. काही जणांना ते पचतं, मला नाही. बाटलीवर ते लिहिलेलं आहे, पण सगळ्यात शेवटी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

ठळक अक्षरांतल्या ॲलर्जीच्या ओळीवर विसंबू नका. पाकिटावर ठळक सांगावेच लागतात असे ॲलर्जीचे पदार्थ अमेरिकेच्या यादीत ९ आहेत, युरोपच्या यादीत १४. दूध दोन्हींत आहे, पण सस्तन प्राण्यांचं मांस एकाही यादीत नाही. म्हणून पाकिटावरची घटकांची सगळी यादी वाचावी लागते. टॅलो, लार्ड (दोन्ही प्राण्यांची चरबी), कोलाजेन (कातडी-हाडांतलं प्रथिन) हे शब्द दिसले की पाकीट परत फळीवर. ई ४७१, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवायला घालतात तो चरबीपासून बनवलेला घटक, मात्र वैताग आणतो. ती चरबी वनस्पतीचीही असू शकते, प्राण्याचीही, आणि आकड्यावरून काही कळत नाही. 'नॅचरल फ्लेवर'चंही तसंच. मग कंपनीला ईमेल करायचा आणि उत्तराची वाट बघायची. चिकन सॉसेज घेताना तर मी फसलोच होतो: आत कोंबडी, वरचं आवरण डुकराच्या आतड्याचं! 'व्हेगन' लिहिलेल्या डब्यातही कॅराजीनन असू शकतं. ते निघतं समुद्री शेवाळातून, तरी आमच्यापैकी काहींना बाधतं. दूध मला चालतं, एवढं नशीब.

बाबा, तुम्ही म्हणालात, "थोडं खाऊन बघ, काही झालं तर थांब." इथे तसं जमत नाही. त्रास सुरू व्हायला २ ते ६ तास लागतात. संध्याकाळी खाल्लेलं मध्यरात्री अंगावर गांधी आणून उठवतं, कधी श्वासावरही येतं. पहिल्या दोन वेळा मी उगाच दुपारच्या जेवणाला दोष दिला.

आणि नेहमीचंच पाकीट असलं तरी दर वेळी वाचायचं. कंपनी कृती बदलते तेव्हा कळवत नाही.

आई, ती बाटली तुम्ही दोघांनी संपवा. पुढच्या वेळी काही घ्यायच्या आधी बाबांचं भिंग घे आणि मला फोटो पाठव. मागच्या बाजूचा, पुढचा नको.

तुमचा,
बाळ