झाकण मिटलं तरी जागाच

सोलापूर,
रविवार

प्रिय संदीप,

काय बे, फॉरमॅट मारू नकोस! काकांच्या लॅपटॉपची स्क्रीन तू घरीच बदललीस, चित्र झकास येतंय, पण झाकण मिटलं तरी तो झोपत नाही, एवढंच तू फोनवर बोललास आणि रेंज गेली. दुकानदाराने विंडोज नव्याने टाकायला सांगितलं म्हणे. हेच दुखणं माझ्या लॅपटॉपने काढलं होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुला माहीत आहे, चादरीची डिझाइनं मी घरी करतो आणि लॅपटॉप पाठीवर टाकून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखान्यावर नेतो. गेल्या उन्हाळ्यात बिजागरी तुटली. नवी बिजागरी आणि स्क्रीनभोवतीची नवी चौकट मागवून मी ती बसवली. दुसऱ्या दिवशी कारखान्यावर सॅक उघडली तर आतून भट्टीसारखी धग, पंखा भणाणतोय, बॅटरी तळाला. एप्रिलचं ऊन, त्यात बंद सॅकमध्ये चालू मशीन. बॅटरीची वाट लावायला आणखी काय लागतं? म्हणून सांगतो, काकांना तो सध्या शटडाऊन करूनच बॅगेत ठेवायला सांग.

आता पहिलं काम. स्टार्ट मेन्यूतून स्लीप दाबून बघ. माझा तिथून गपगुमान झोपायचा आणि झोपून राहायचा. म्हणजे विंडोज ठीक, ड्रायव्हर ठीक. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय करायचं तो पर्यायही स्लीपवरच होता. मग उरलं एकच: झाकण मिटलंय हे मशीनला कळतच नव्हतं.

ते कळतं कसं, तर बहुतेक लॅपटॉपमध्ये चुंबकाने. स्क्रीनच्या चौकटीत तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा चुंबक असतो आणि खाली कीबोर्डच्या बाजूला हॉल सेन्सर. एडविन हॉलने १८७९ साली शोधलेला परिणाम तो हाच: विजेचा प्रवाह वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला की तिच्या आडव्या बाजूंमध्ये व्होल्टेज तयार होतं. झाकण मिटलं, चुंबक सेन्सरवर आला, की मशीनला निरोप जातो. त्यात घासणारं काही नाही, म्हणून तो सहसा बिघडत नाही. आपण मशीन खोलून परत जोडल्यावर बंद पडला तर आपण जिथे हात घातला तिथेच आधी बघायचं.

मी फ्रिजवरचा छोटा चुंबक घेतला, लॅपटॉप चालू ठेवला आणि कीबोर्डच्या कडेकडेने चुंबक हळूहळू सरकवला. डाव्या स्पीकरजवळ आला आणि पडदा काळा! चुंबक काढला, पडदा परत उजळला. किती आनंद झाला म्हणून सांगू. सेन्सर जिवंत होता, वायर जिवंत होती. काहीच झालं नाही तर चुंबक उलटा करून पुन्हा फिरव, काही सेन्सर एकाच ध्रुवाला दाद देतात. फक्त काकांच्या मशीनमध्ये जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर तिच्यावरून चुंबक नेऊ नकोस. एसएसडी असेल तर बिनधास्त.

मग जुनी चौकट उजेडात धरली. खालच्या कोपऱ्यात एक खाच आणि तिच्यात डिंकाने बसवलेला करडा तुकडा. नव्या चौकटीत खाच तशीच, पण रिकामी. पार्ट विकणाऱ्याने चुंबकाशिवायच पाठवली होती. जुन्या चुंबकाच्या वरच्या बाजूला मार्करने ठिपका दिला, म्हणजे बसवताना उलटा होणार नाही. हेअर ड्रायरने डिंक मऊ करून तो प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटला आणि नव्या खाचेत इपॉक्सीने चिकटवून रात्रभर वाळू दिला. तेव्हापासून झाकण मिटलं की दिवा मंद लुकलुकतो. त्या लुकलुकीकडे मी अजून बघतो.

तुझी जुनी चौकट टाकली नसशील अशी आशा आहे. तिथे चुंबक सापडला नाही तर वरच्या झाकणात बघ, काही कंपन्या तिकडे लावतात. आणि चुंबक फिरवूनही पडदा काळा झाला नाही, तर सेन्सरची चपटी केबल तपास; काही मॉडेलांत तो वेगळ्या पट्टीवर असतो आणि केबल पकडणारी खटकी अर्धवट बसलेली असते. त्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढ, हे विसरायचं नाही.

स्टार्ट मेन्यूतूनही झोपत नसेल किंवा झोपून लगेच उठत असेल, तर मात्र प्रकरण वेगळं. आपोआप झोपत नसेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /requests ही कमांड दे, कोण जागं ठेवतंय ते दिसतं. लगेच उठत असेल तर powercfg /lastwake दे, कोणी उठवलं ते कळतं. बऱ्याचदा माऊस नाहीतर नेटवर्क कार्ड निघतं.

चुंबकाची चाचणी आजच कर आणि रात्री फोन कर. नाहीच जमलं तर शनिवारी लॅपटॉप, जुनी चौकट आणि सगळे स्क्रू घेऊन हुतात्मा एक्स्प्रेसने ये. आई शेंगाचटणी कुटतेय, कडक भाकरी आहेच. काकांना नमस्कार.

तुझा,
महेश