बंड पेटले ते डोईपट्टीमुळे

संपादक महोदय,

युरोपातील 'काळ्या मृत्यू'वरील रविवारच्या लेखाचे म्हणणे असे, की प्लेगने मजूर कमी झाले, म्हणून मजुरी वाढली आणि 1381 च्या शेतकऱ्यांच्या बंडाने इंग्लंडमधली भूदासपद्धती (कुळाला जमीनदाराच्या जमिनीशी बांधून ठेवणारी पद्धत) संपवली. मधली तीस वर्षे लेखकाने एका उडीत ओलांडली. खरी गोम तिथेच आहे.

साथ 1348 च्या उन्हाळ्यात इंग्लंडला पोचली. ती ओसरण्याआधीच, जून 1349 मध्ये, राजाचा हुकूम निघाला: साठीच्या आतल्या, धडधाकट, स्वतःची जमीन किंवा धंदा नसलेल्याने मिळेल ते काम साथीपूर्वीच्या दराने करावे. 1351 च्या कायद्याने दरच बांधले. गवतकापणीला दिवसाला 5 पेनी, पीककापणीला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात 2, दुसऱ्यात 3. वर जेवण नाही. जास्त मागणाऱ्याला खोडा. पण पीक उभे असताना मालकच एकमेकांचे मजूर फोडत आणि दराच्या वर धान्य, जेवण देत. तरी मजुराच्या हाती फारसे उरत नव्हते, कारण धान्य महाग होते. भाव उतरले ते 1375 नंतर.

आणि तेव्हाच डोईपट्टी आली. 1377 मध्ये माणशी 4 पेनी, 1380 च्या अखेरीस मंजूर झाली ती 12. सधनांनी गरिबांचा भार उचलावा अशी त्यात सोय होती, पण ज्या गावात सधन कोणी नव्हताच, तिथे शेतमजुरालाही पुरते 12 भरावे लागले. नवराबायकोचे 24 म्हणजे ऐन कापणीतली, सरकारी दराने, आठ दिवसांची कमाई. मग गावोगावच्या याद्यांतून अविवाहित मुली आणि विधवा आया गायब झाल्या. 1377 ला सुमारे साडेतेरा लाख करदाते होते, 1381 ला जेमतेम नऊ लाख! हा खड्डा शोधायला अधिकारी पाठवले गेले आणि 30 मे रोजी एसेक्समधल्या ब्रेंटवूडला लोक त्यांच्यावर उलटले.

14 जूनला लंडनजवळच्या माइल एंड येथे चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड याने बंडखोरांना भूदासांची मुक्ती आणि एकरी 4 पेनी खंड कबूल केला, हे खरे. पण या कबुलीच्या सनदा 2 जुलैला रद्द झाल्या. बंडखोरांनी जहागिरींची दप्तरे जाळली (आपल्याला बांधून ठेवणारा कागद कोणता, हे त्यांना नेमके ठाऊक होते), तरी भूदासपद्धती मोडली ती कुळे शेजारच्या जहागिरीत निघून गेल्याने. ओस पडलेली जमीन जमीनदारांना रोख खंडाने लावावी लागली, आणि हे पंधराव्या शतकभर चालू राहिले.

— इतिहासाचा एक अभ्यासक, पुणे