परदेशी निघालेल्या मुलांचे ताट

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सप्टेंबर जवळ आला की गोव्यातल्या अनेक घरांत बॅग वजनकाट्यावर चढवून २३ किलोंचा हिशोब सुरू होतो. गेल्या वर्षी आम्हीही सोलां (आमसुले), मेतकूट, लोणचे, उकडे तांदूळ असे सगळे कोंबून मुलाला इंग्लंडला एम. एस्सी.साठी रवाना केले. जानेवारीत त्याने व्हिडिओ कॉलवर कपाट उघडून दाखवले, तर तांदळाची पिशवी फोडलेलीसुद्धा नव्हती आणि शेजारी इन्स्टंट नूडल्सच्या पाकिटांची चळत होती. ‘पोट भरतं गं आई,’ एवढेच त्याचे म्हणणे.

दोष त्याचा एकट्याचा नाही. इथे हुमण (माशांची आमटी), भात आणि तांबडी भाजी असे ताट आयते पुढ्यात येत होते. त्यात काय किती असावे याची जाण वाढणाऱ्या हाताला होती, जेवणाऱ्याच्या डोक्यात ती कधी उतरलीच नाही. (मुलग्याला गॅसपाशी फिरकू न देणारी मीच, हेही कबूल करते.)

आपल्याकडे पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापतात, तिथे मीठ ग्रॅममध्ये. सोडियमला अडीचने गुणावे तेव्हा मिठाचा आकडा मिळतो, आणि दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, हे ठाऊक नसेल तर तो आकडा वाचून उपयोग काय? अनेक पाकिटांवर हिरवा, पिवळा, तांबडा असे रंग असतात, १०० ग्रॅममध्ये दीड ग्रॅमहून अधिक मीठ असले की तांबडा. आमचे चिरंजीव चार महिने ती सजावटच समजत होते. ऑक्टोबर ते मार्च या काळात तिथल्या उन्हातून पुरेसे ड जीवनसत्त्व मिळत नाही, म्हणून रोज १० मायक्रोग्रॅमच्या पूरक मात्रेचा विचार करा, असे तिथले सरकारच सांगते. उन्हाला कंटाळलेल्या गोंयकाराच्या हे मनातही येत नाही. बांगडा मात्र तिथेही डबाबंद मिळतो, आणि त्यात दोन सोलां पडली की भाताबरोबर चांगला लागतो.

परदेशी शिक्षणाच्या मार्गदर्शन शिबिरांत व्हिसा, विमा, बँक खाते यांवर तासन्‌तास बोलले जाते. जेवणाबद्दल ‘मसाले सोबत न्या’ यापलीकडे शब्द नाही. कांपालच्या गोवा गृहविज्ञान महाविद्यालयाने दर जुलैत अशा मुलांसाठी दोन दिवसांचा वर्ग घ्यावा, आणि एक शेगडी, एक टोप व तिथल्या दुकानांत मिळणारे जिन्नस एवढ्यावर आठवडा कसा काढायचा ते करून दाखवावे, अशी माझी सूचना आहे. आमचा धाकटा पुढच्या वर्षी जर्मनीला निघेल. पहिला अर्ज त्याचा.

आपली,
एक वाचक, डिचोली