बंड्यास : ५४ वॉटचा हिशेब

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

चार महिन्यांत तुला एक फोन नाही, मेसेजला अंगठ्यापलीकडे उत्तर नाही. शिव्या भेटल्यावर घाल. आज लिहितोय कारण काल जे झालं ते घरात कुणाला सांगून उपयोग नाही. ही म्हणाली, "सीपीयू बिघडला तर नेऊन दाखवा ना कुणाला." अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणू नये यावर मी वीस वर्षं भांडतोय, काल गप्प बसलो. बाकी तब्येती ठीक. माझी शुगर काठावर, तुझ्या गणितासारखी.

ओंकारच्या मशीनमध्ये साटाचा, म्हणजे डिस्कला वीज देणारा, कनेक्टर वितळला. हसू नकोस.

मशीन म्हणजे ऑफिसातून निघालेला ब्रँडेड मिनी टॉवर. आय-फाइव्ह ७५००, ८ जीबी रॅम, २४० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). त्यात त्यानं जुनं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणलं. त्याला ६ पिनी वायर लागते आणि असल्या डब्याच्या एसएमपीएसला ती नसतेच. दुकानदारानं साटावरून ६ पिन करणारा कन्व्हर्टर हातात ठेवला. ओंकारनं मला फोन केला, "मामा, लावू का?" मी सिग्नलला होतो. म्हटलं, "लाव रे, काही होत नाही." हे वाक्य माझं. ताईला अजून माहीत नाही.

हिशेब तूच शिकवलेला, हॉस्टेलच्या जिन्यात. साटाच्या प्लगला १२ व्होल्टच्या पिना ३, प्रत्येकीची झेप दीड अँपिअर. म्हणजे साडेचार अँपिअर, ५४ वॉट. आणि ६ पिनी सॉकेट कार्डाला ७५ वॉटपर्यंत ओढायची मुभा देतं. १०६० एकूण १२० वॉटचं; काही वॉट बोर्डावर कार्ड खोचतात त्या स्लॉटमधून येतात, उरलेले या प्लगमधून. सरासरी काढली तर ५४ च्या आसपासच भरेल, पण गेममध्ये भार झटक्याझटक्यानं चढतो, आणि एखादी पिन सैल असली की सगळी उष्णता तिथेच साठते. प्लगची पिवळ्या वायरीकडची कड चहाच्या गाळाच्या रंगाची झालीय, एक पिन प्लास्टिकमध्ये तिरकी रुतलीय. शेजारची लाल वायर नव्यासारखी.

हो, माहितीये तुझं वाक्य. "एसएमपीएस आधी, बाकी सगळं नंतर." आणि मी ४५० वॉट छापलेला, पोह्याच्या पुड्याइतका हलका लोकल एसएमपीएस आणला होता. त्याचा कॅपॅसिटर फुटल्यावर तू तीन दिवस "मी म्हटलं होतं" म्हणालास. चौथ्या दिवशी काय म्हणालास कळलं नाही, आपण बोलतच नव्हतो.

खरी धास्ती वेगळी आहे. या डब्यात साटाची पॉवर एसएमपीएसमधून थेट येत नाही, मदरबोर्डवरच्या छोट्या सॉकेटमधून निघते. म्हणजे कार्डाचा तो करंट बोर्डाच्या तांब्याच्या पट्ट्यांतून गेला, आणि त्या पट्ट्या एखाद-दुसरी डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह एवढ्यासाठीच आखलेल्या असतात. सॉकेट बाहेरून स्वच्छ दिसतंय, वास नाही, डिस्कचं स्मार्ट (तब्येतीचा अहवाल) पण बरं आहे. पण जळण्याआधी मशीन दोनदा आपोआप रीस्टार्ट झालं होतं. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नेल-पॉवर ४१ दिसतो. तो बिचारा 'वीज गेली' एवढंच सांगतो, का गेली ते नाही. भार टाकून १२ व्होल्टची वायर मोजल्याशिवाय मला झोप नाही. ११.४ च्या खाली आली तर बोर्डाचा किंवा एसएमपीएसचा, कुणाचा तरी निकाल लागला.

तू म्हणशील, एसएमपीएसच बदल. बदलला असता. पण याच्या बोर्डाला २४ पिनी प्लग नाहीच, कंपनीचा स्वतःचा ८ पिनी आहे. २४ वरून ८ करणाऱ्या वायरी मिळतात, पण दोन कंपन्यांचे प्लग सारखे दिसले तरी पिनांचा क्रम सारखा नसतो, आणि चुकीची वायर बोर्ड एका सेकंदात मारते. शिवाय साधा एटीएक्स एसएमपीएस या कॅबिनेटच्या खाचेत बसत नाही, स्क्रूची भोकं वेगळी. म्हणजे डबा आहे तसा ठेवायचा आणि त्याला झेपेल तेच कार्ड आणायचं.

झेपेल म्हणजे फक्त स्लॉटवर चालणारं. स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, त्यातले १२ व्होल्टवरचे ६६. (आडव्या बारक्या डब्यांच्या मॅन्युअलमध्ये त्याहून कमी लिहिलेलं सापडतं, ते वाचल्याशिवाय कुणाला सल्ला देऊ नकोस. बघ कोण बोलतंय.) मी आरटीएक्स ३०५० वर आलोय, पण ६ जीबीचंच, ७० वॉटवालं. ८ जीबीचं त्याच नावानं विकतात, ते सुरुवातीला १३० वॉटचं होतं आणि त्याला वेगळी वायर लागते. बॉक्सवर दोन्हीकडे ३०५० एवढंच ठळक. म्हणून कार्डाच्या कडेला पॉवरचं सॉकेट नाही हे डोळ्यांनी बघूनच पैसे द्यायचे. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॉटचं, मोह होतो, पण त्याला लेन (डेटाच्या वाटा) ४ च, आणि या जुन्या बोर्डाच्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये ते लंगडतं. वर त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, आणि ओंकारला गेम रेकॉर्ड करायचाय. बाद.

लांबी मोजली. मागच्या पत्र्यापासून डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत २१ सेंटिमीटर. दोन पंख्यांची कार्डं १९-२० ची असतात, साटाच्या वायरी वळायला जागा उरत नाही. एक पंख्याचं किंवा आखूड घेईन. रुंदीला दोन पट्ट्या खाणार, खालचा स्लॉट झाकला जाणार, त्यात काही नाहीये.

बसवायला या वेळी मी स्वतः जाणार. आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) थांबवायचा, नाहीतर बायोसला हात लावला की तो ४८ आकडी रिकव्हरी की मागतो आणि ती मागच्या ऑफिसच्या कुणा साहेबाच्या खात्यात असली तर बसा. मग वायर काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबायचं, पत्र्याला हात लावायचा. कार्ड प्रोसेसरजवळच्या लांब स्लॉटमध्येच; खालचा तेवढाच लांब दिसतो, पण आत वायरिंग ४ लेनचं. मागची पट्टी नीट बसली की खटका वाजतो. न वाजताच स्क्रू पिळला की कार्ड वाकतं आणि मग माणसं 'कार्ड डेड' म्हणत दुकानात जातात. मॉनिटरची वायर कार्डात, बोर्डात नाही. ओंकारचा मॉनिटर जुन्या व्हीजीए सॉकेटचा, त्याला सिग्नल बदलून देणारा अ‍ॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल. शेवटी जीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये बस, म्हणजे कार्ड आणि बोर्डाची जोडणी, बघायची. या कार्डाला एक्स ८ (८ लेन) च दिसणार, तेवढंच आहे ते. आणि रिकाम्या वेळी पिढी १.१ दाखवतं म्हणून ओंकार घाबरेल. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी चालवली की ३.० होतं.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणे, वहिनीनं हिला सांगितलं. चालायला लागल्या का? नागपूरची बदली कायम झाली की अजून टांगणीला? पिंकीला दहावीच्या शुभेच्छा, गणितासाठी बापाकडे जाऊ नको म्हणावं.

ताईला सांगायचंय. कार्ड माझ्या पैशांनी घेऊन मग सांगावं, की आधी सांगून मग? तू तिला माझ्याइतकंच ओळखतोस, म्हणून विचारतो. १०६० शाबूत आहे बहुतेक, ते तुझ्या असेंबल्ड मशीनमध्ये लावून बघू, तुझ्याकडे खऱ्या ६ पिनी वायरी आहेत.

दिवाळीला येशील तेव्हा मल्टीमीटर आण. तो पिवळा, ज्याच्या लाल प्रोबला मी टेप गुंडाळलीय. माझाच आहे तो, २०११ पासून तुझ्याकडे पडलाय.

तुझा,
सुध्या